पायी येणाऱ्यांचं किराणा दुकान: कमी पार्किंगच्या शहरी सुपरमार्केटची रचना, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानासाठी जागा बघणारे, त्याचा आराखडा काढणारे, पालिकेत तो आराखडा तपासणारे आणि त्या दुकानाच्या शेजारी राहणारे असे सगळेच हे प्रश्न विचारतात. मी दुकानांचे आराखडे काढते. उत्तरं देताना माझं मत लपवलेलं नाही: आधी दुकानाचं दार ठरावं, गाड्यांची जागा सगळ्यात शेवटी.

पायी येणाऱ्यांना सोयीचं दुकान म्हणजे नेमकं काय?

किराणा म्हणजे वजन. पुस्तकांच्या किंवा कपड्यांच्या दुकानातून माणूस एक पिशवी हलवत बाहेर पडतो. किराणा घेतलेला माणूस दोन्ही हात भरून निघतो, पिशवीचे बंद बोटांत रुतलेले असतात, सोबत कधी लहान मूल असतं. दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून पदपथाला लागेपर्यंत त्याला काय काय ओलांडावं लागतं, यावर ते दुकान कुणासाठी बांधलंय हे कळतं. साठ मीटर तापलेलं डांबर, मागे येणाऱ्या गाड्या, मध्येच एक उंच कड आणि पुढे रस्ता अशी वाट असेल, तर ते दुकान चालणाऱ्याचं नाही.

पार्किंग अजिबात नको असा याचा अर्थ नाही. चालणाऱ्याची वाट सर्वांत छोटी आणि सरळ असावी, आणि गाडीवाल्याने थोडा वळसा घ्यावा, एवढंच म्हणणं आहे. गाडीला वळसा घालायला श्रम पडत नाहीत, हातात सहा किलो वजन असलेल्या माणसाला पडतात.

दुकानासमोर मोठं पार्किंग ही पद्धत आली कुठून?

ती फार जुनी नाही. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेत मेम्फिस इथे पिग्ली विग्ली हे दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकाने स्वतः फडताळावरून माल उचलायचा ही कल्पनाच नवी होती. त्याआधी काउंटरपलीकडचा माणूस माल काढून द्यायचा. पण ही दुकानं लहान होती आणि वस्तीतच होती.

१९३० मध्ये मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजच्या इमारतीत किंग कलन सुरू केलं. कमी भाड्याची मोठी जागा, स्वस्त माल आणि गाड्या लावायला ऐसपैस मोकळी जागा, असं ते गणित होतं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात, म्हणून त्यांनी माणसं नेमून ती दुकानात फिरवून दाखवली. ट्रॉलीमुळे एका फेरीत हातांना झेपेल त्याहून कितीतरी जास्त माल घेता येऊ लागला, आणि एवढा माल घरी न्यायचा म्हणजे गाडी हवीच. पुढे शहरांच्या बांधकाम नियमांनी किमान पार्किंग सक्तीचं केलं आणि एका विशिष्ट जागेसाठी शोधलेली युक्ती सगळीकडची पद्धत होऊन बसली.

दुकान, ट्रॉली आणि पार्किंग एकमेकांना मोठं करत गेले, हे लक्षात ठेवा. यातलं एक लहान करायचं तर बाकीच्या दोघांचाही विचार करावा लागतो.

पार्किंग कमी केलं तर धंदा बसेल का?

हा प्रश्न प्रत्येक दुकानमालक विचारतो आणि त्याची भीती खरी असते. पण गिऱ्हाईक कसं येतं याचा दुकानदारांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स या संस्थेने ब्रिस्टलच्या बाजाररस्त्यांवर दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना वेगवेगळं विचारलं. दुकानदारांच्या मते ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येत होती. गिऱ्हाइकांनी दिलेल्या उत्तरांतून निघालेला आकडा होता २२ टक्के. कारण समजण्यासारखं आहे. पार्किंग मिळालं नाही म्हणून चिडलेला माणूस काउंटरवर येऊन बोलतो, चालत आलेला माणूस कसा आला हे सांगत बसत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास वेगवेगळ्या धंद्यांची तुलना केली. उपाहारगृहं, बार आणि लहान दुकानं यांत चालत किंवा सायकलने येणारे महिन्याकाठी मोटारवाल्यांच्या बरोबरीने किंवा जास्त खर्च करत होते. सुपरमार्केट मात्र अपवाद ठरलं, तिथे मोटारीने येणाऱ्याचा खर्च जास्त होता. पुन्हा तेच वजन.

म्हणून पायी येणाऱ्यांचं दुकान म्हणजे मोठ्या सुपरमार्केटचं पार्किंग कापून केलेली लहान प्रत नव्हे. त्याचा हिशेबच निराळा असतो. समजा, गाडीवाला आठवड्यातून एकदा येऊन पंचवीस किलो नेतो. चालणारा एका वेळी सहा किलो नेतो, पण घरी जाताना वाटेत दुकान लागतं म्हणून चारदा येतो. वजन जवळपास तेवढंच होतं. पण चार फेऱ्या म्हणजे चार वेळा बिलाची रांग, चार वेळा ताज्या मालाची निवड. तेव्हा बिलाची रांग झटपट पुढे सरकायला हवी, ताजा माल दारापासून जवळ हवा आणि बारा किलोच्या पाकिटांपेक्षा लहान पाकिटं जास्त हवीत. हे बदल न करता नुसतं पार्किंग काढलं तर धंदा बसू शकतो, आणि दोष मग चालणाऱ्यांवर येतो.

मग नक्की किती पार्किंग ठेवायचं?

आधी पार्किंग किती जागा खातं ते बघा. एका मोटारीची चौकट साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडीला आत येण्याची, वळण्याची, मागे घेण्याची जागा धरली की हा आकडा २५ ते ३० चौरस मीटरवर जातो. उपनगरी सुपरमार्केटसाठी दर १०० चौरस मीटर दुकानामागे चार-पाच गाड्या धरायची जुनी सवय आहे. १,२०० चौरस मीटरच्या दुकानाला ४८ ते ६० गाड्या झाल्या, म्हणजे १,२०० ते १,८०० चौरस मीटर डांबर. दुकानापेक्षा दुकानाचं अंगण मोठं.

शहरात ही सवय बाजूला ठेवून उलटीकडून सुरुवात करावी. साधारण चालीने माणूस मिनिटाला ८० मीटर जातो. पाच मिनिटांत ४०० मीटर, दहा मिनिटांत ८००. भरलेल्या पिशव्यांसह दहा मिनिटं चालणं पुष्कळांना नको वाटतं, म्हणून मी पहिल्या ४०० मीटरवर भर देते. त्या टापूत घरं किती, कार्यालयं किती, बस किंवा मेट्रोचा थांबा किती जवळ, हे मोजा. नकाशावर कंपासने गोल काढून मोजू नका. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा न ओलांडता येणारा रस्ता असेल तर तो गोल निम्मा रिकामा निघतो. प्रत्यक्ष पायवाटेने मोजा. यातून पायी येणाऱ्यांचा अंदाज निघेल आणि उरलेल्यांसाठी पार्किंग ठरेल. प्रत्येक जागेला लागू पडणारा एकच आकडा माझ्याकडे नाही, आणि तसा आकडा कुणी देत असेल तर तो कुठल्या जागेवरून काढला आहे ते विचारा.

नियमच किमान पार्किंग मागत असतील तर?

आधी तुमच्या शहराचे नियम ताजे वाचून घ्या, कारण गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने बदलले आहेत. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान पार्किंगऐवजी कमाल मर्यादा घातली. अमेरिकेतल्या बफेलोने त्याच वर्षी आणि मिनियापोलिसने २०२१ मध्ये ही सक्ती उठवली. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणातून मोठ्या शहरांना किमान पार्किंगच्या अटी काढायला लावल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून मुख्य सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत, म्हणजे सुमारे ८०० मीटरपर्यंत, थोडे अपवाद सोडता कुठलंही शहर किमान पार्किंग मागू शकत नाही.

नियम जुनेच असतील तर शेजाऱ्याबरोबर पार्किंग वाटून घेण्याचा प्रस्ताव द्या. कार्यालयाची जागा संध्याकाळी रिकामी होते, तेव्हाच दुकानात गर्दी वाढते. शनिवार-रविवारीही तेच. राहत्या इमारतीबरोबर मात्र ही जोडी जमत नाही, कारण रहिवासी घरी परततात तीच दुकानाचीही गर्दीची वेळ असते. हे कागदावर पटकन लक्षात येत नाही.

असलेलं पार्किंग ठेवायचं कुठे?

दुकान आणि रस्ता यांच्या मधे सोडून कुठेही. हे माझं पहिलं उत्तर.

भूखंड मोठा असेल तर पार्किंग मागे घ्या, इमारत पदपथाला भिडवा. भूखंड रुंद असेल तर बाजूला, पण मग पार्किंगचा रस्त्याकडचा भाग कमीत कमी ठेवा आणि त्याच्या कडेला झाडं किंवा बुटकी भिंत घाला, म्हणजे पदपथाची रेघ तुटत नाही. कोपऱ्याचा भूखंड असेल तर कोपरा दुकानाचा. कोपऱ्यावर गाड्या उभ्या करणं म्हणजे घराच्या दिवाणखान्यात सामानाची खोली करणं.

जागा महाग असेल तर पार्किंग तळघरात किंवा वर जातं. तळघर खर्चिक असतं आणि आराखड्याची परीक्षा घेतं. साडेतीन मीटर खाली उतरायचं तर १:८ च्या उताराला २८ मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना उतार सौम्य करावा लागतो, नाहीतर गाडीचं पोट घासतं. खांबांचं जाळं हा दुसरा तिढा. दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसवायच्या तर सुमारे आठ मीटर अंतर लागतं. सुदैवाने दुकानाच्या फडताळांनाही ते अंतर मानवतं. वर घरं असतील तर त्यांच्या भिंती या जाळ्यात बसत नाहीत आणि मध्ये भार वळवणारा जाड स्लॅब घालावा लागतो. हा निर्णय पहिल्या महिन्यात घ्यायचा असतो.

आणखी एक मार्ग म्हणजे तळमजल्यावर लहान दुकानं आणि पार्किंगची वाट, आणि सुपरमार्केट पहिल्या मजल्यावर. चालणाऱ्याला हा मार्ग सर्वांत कमी सोयीचा आहे, कारण त्याला भरल्या हातांनी मजला उतरावा लागतो. दुसरा इलाज नसेल तर रस्त्यावरून सरळ दिसणारी प्रशस्त लिफ्ट आणि सरकता पट्टा हवाच. ट्रॉली चढवणारा पट्टा १२ अंशांपेक्षा जास्त चढाचा नसतो. पाच मीटर उंची गाठायला त्याला आडवी जवळपास २४ मीटर जागा लागते. पट्ट्याच्या खाचांत ट्रॉलीची खास चाकं बसतात आणि ती जागच्या जागी थांबते, म्हणून ट्रॉली आणि पट्टा एकमेकांना जुळणारेच घ्यावे लागतात.

दार कुठे असावं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

दार पदपथावर, आणि ज्या दिशेने जास्त माणसं येतात त्या बाजूला असावं. बसथांबा किंवा रस्ता ओलांडण्याची जागा जिथे आहे, तिथून दार दिसायला हवं. अडचण अशी की पार्किंग मागे असलं की मागेही दार लागतं, आणि दोन दारं म्हणजे दोन ठिकाणी लक्ष, दोन ठिकाणी बिलाची व्यवस्था, चोरीची दुप्पट धास्ती. मग एक दार बंद होतं, आणि ते कुठलं हे सांगायची गरज नाही.

एका दुकानासमोर मी एकदा सकाळभर उभी होते. आराखड्यात रस्त्याकडचं दार मोठं दाखवलेलं होतं, वर छज्जा, बाजूला बाक. प्रत्यक्षात त्या काचेच्या दाराच्या हँडलला आतून साखळी घातलेली होती आणि डोळ्यांच्या उंचीवर कागद चिकटवला होता: कृपया पार्किंगकडील दार वापरावे. कागदाचे कोपरे उन्हाने वळले होते, म्हणजे तो बरेच दिवस तिथेच होता. एक आजी आल्या, त्यांनी दार ढकललं, कागद वाचला, आणि इमारतीला वळसा घालून गाड्यांच्या आत-बाहेर होण्याच्या वाटेनेच मागे गेल्या, कारण तिथे पदपथच नव्हता. परतताना त्याच वाटेने, दोन पिशव्या घेऊन. तेवढ्या वेळात त्यांना दोनदा गाडीसाठी थांबावं लागलं. आराखडा मंजूर झाला तेव्हा दार होतं. दुकान चालवणाऱ्याला ते उघडं ठेवणं परवडेल का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून एकच दार ठेवा, ते रस्त्याच्या कोपऱ्याजवळ ठेवा आणि पार्किंगमधून येणाऱ्यांसाठी इमारतीच्या कडेने झाकलेली, उजेडाची पायवाट त्याच दारापर्यंत आणा. तळघरातली लिफ्टही त्याच दाराच्या आतल्या मोकळ्या जागेत उघडू द्या. मग सगळी गिऱ्हाइकं एकाच जागेतून जातात, बिलाचे काउंटर एकाच ठिकाणी राहतात आणि दार बंद करायचं कारण उरत नाही. दोन दारं अटळ असतील तर बिलाची जागा दोन्हींच्या मध्ये येईल अशी दुकानाची आतली मांडणी करा, आणि दुकानाच्या वेळेत रस्त्याकडचं दार उघडं राहील ही अट भाडेकरारात लिहा.

रस्त्याच्या बाजूला सगळी काच लावली की झालं का?

नाही. काच लागते आणि सहा महिन्यांत तिच्यामागे फडताळं उभी राहतात. फडताळांची पाठ दिसू नये म्हणून काचेवर भाज्यांची मोठाली चित्रं चिकटवली जातात, आणि पदपथावरून बघणाऱ्याला पुन्हा भिंतच दिसते. यात दुकानदाराचा हट्ट नसतो. सुपरमार्केटला भिंतीची लांबी हवी असते, कारण शीतकपाटं भिंतीला लागूनच उभी राहतात.

आराखड्यात आधीच ठरवा की काचेच्या आत काय येणार. बिलाचे काउंटर, बसून खाण्याची जागा, फुलं, ताज्या मालाची बुटकी मांडणी. काचेलगतची फडताळं सव्वा मीटरपेक्षा उंच नकोत, म्हणजे वरून आतलं दिसत राहतं. शीतकपाटं आणि गोदाम मागच्या, शेजारच्या इमारतीला लागलेल्या भिंतीकडे ढकला. रस्त्याची बाजू फारच लांब असेल तर तिच्यावर लहान दुकानांची एक ओळ बसवा आणि सुपरमार्केट त्यांच्या मागे पसरू द्या. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी वर्षानुवर्षं रस्त्यांवर उभं राहून माणसांचं चालणं टिपलं. त्यांचं म्हणणं असं की ताशी पाच किलोमीटरच्या चालीने जाणाऱ्याला दर चार-पाच सेकंदांनी काही नवं दिसायला हवं, म्हणजे दर पाच-सहा मीटरला. चाळीस मीटर कोरी भिंत म्हणजे अर्धं मिनिट काहीच नाही. पिशव्या घेऊन चालताना ते अर्धं मिनिट लांब वाटतं.

ट्रॉल्यांचं काय करायचं?

गाडी नसलेला माणूस भरलेली ट्रॉली घेऊन पदपथावर येतो आणि ती पुढे कोपऱ्यावर सापडते. यावर चाकं आपोआप जाम करणारी यंत्रणा असते आणि नाणं अडकवून ट्रॉली सोडवण्याची पद्धतही. दोन्ही चालतात. पण मला वाटतं मूळ गरज ओळखावी: त्या माणसाला घरापर्यंत चाकं हवी आहेत. लहान ट्रॉल्या आणि चाकांच्या टोपल्या जास्त ठेवा, स्वतःची चाकांची पिशवी आणणाऱ्यांना ती अडकवायला दाराशी जागा द्या, दाराच्या उंबऱ्याची पट्टी आणि पाय पुसायची जाळी अशी निवडा की लहान चाक त्यात अडकणार नाही. बिलाच्या पलीकडे पिशव्या नीट भरायला एक रुंद ओटा द्या. वजन दोन हातांत सारखं वाटून घ्यायला माणसाला दोन मिनिटं लागतात, आणि मागच्या रांगेच्या नजरा झेलत ते जमत नाही.

मालाचा ट्रक कुठे उभा राहणार?

शहरी किराणा दुकानाचा आराखडा बहुतेक वेळा इथेच अडतो, गिऱ्हाइकांच्या पार्किंगपाशी नाही. युरोपात चालणारा मोठा जोडट्रक साडेसोळा मीटर लांब असतो. त्याला वळायला जागा द्यायची म्हणून पदपथाचे कोपरे गोल आणि मोठे केले जातात, आणि मग त्याच कोपऱ्यांवरून मोटारीही वेगाने वळतात. दिवसातून दोनदा येणाऱ्या ट्रकसाठी चालणारा चोवीस तास जोखीम घेतो.

आधी पुरवठादाराशी बोला. बारा मीटरच्या किंवा त्याहून लहान ट्रकने माल येऊ शकतो का? लहान दुकानाला रोज ताजा माल लागतो, त्यामुळे लहान ट्रकच्या जास्त फेऱ्या बऱ्याचदा परवडतात. माल उतरवण्याची जागा मागच्या गल्लीत घ्या. गल्ली नसेल तर इमारतीच्या आत एक खण ठेवा, त्याला बंद होणारं शटर लावा. तेही शक्य नसेल तर रस्त्याच्या कडेला ठरावीक वेळेची जागा पालिकेकडून मागून घ्या, आणि तीच जागा उरलेल्या वेळात इतरांना वापरू द्या. ट्रकला मागे येत पदपथ ओलांडावा लागेल अशी रचना मी मान्य करत नाही. चालकाला मागचं मूल दिसत नाही, आणि शिट्टी मारायला उभा केलेला माणूस रोज तिथे असेलच असं नाही.

पहाटे किंवा रात्री माल आणला तर रस्ता मोकळा मिळतो, पण शेजाऱ्यांची झोप मोडते. नेदरलँड्समध्ये यासाठी पीक नावाची पद्धत आहे. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत माल उतरवतानाचा आवाज साडेसात मीटरवर ६० डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. रबरी चाकं, मऊ थराची फळी, इंजिन बंद, अशा साध्या गोष्टींतून बराच आवाज उतरतो.

वर राहती घरं असतील तर?

असावीत. पायी येणारं पहिलं गिऱ्हाईक तिथेच राहतं. फक्त शीतयंत्रांचा थरथराट आणि गच्चीवरच्या पंख्यांचा आवाज घरांत जाऊ नये म्हणून यंत्रं मऊ बैठकींवर बसवा. दुकानाचा मजला पाच-सहा मीटर उंच धरा, कारण छताखाली नळ्या, वाहिन्या, दिवे सगळं यायचं असतं. कचऱ्याची खोली थंड आणि बंद हवी. शीतयंत्रांतून बाहेर पडणारी उष्णता घरांचं पाणी तापवायला वापरता येते, पण ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

पदपथ आणि रस्ता ओलांडणं ही दुकानाची जबाबदारी आहे का?

कायद्याने बहुतेक वेळा नाही, व्यवहाराने नक्कीच. पदपथावर १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतात. ही रुंदी फलक, मांडलेला माल आणि सायकली सोडून मोजायची. दारासमोर त्याहून जास्त जागा लागते, कारण तिथे माणसं थांबतात, पिशवी खाली ठेवतात, छत्री उघडतात. छज्जा दीड-दोन मीटर तरी पुढे असावा.

पार्किंगची वाट पदपथ ओलांडते तिथे पदपथाची पातळी आणि फरशी तशीच पुढे न्या, गाडीने चढून यावं आणि उतरावं. पदपथ खाली उतरवून गाडीची वाट सपाट केली की चालणारा आपसूक थांबतो आणि गाडी थांबत नाही. एवढा एक तपशील सांभाळला तरी खूप झालं.

सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे. १४ मीटर रुंद रस्त्याला बारा सेकंद. पिशव्या घेतलेल्या वृद्ध व्यक्तीची चाल ०.८ पर्यंत येते, म्हणजे साडेसतरा सेकंद. दुकान उघडण्यापूर्वी वाहतूक विभागाकडून ते जादा सेकंद मागून घ्या.

चालू न शकणाऱ्यांचं काय?

पार्किंग कितीही कमी केलं तरी अपंग व्यक्तींच्या राखीव जागा दारापासून किंवा लिफ्टपासून सर्वांत जवळ आणि पुरेशा ठेवा. त्यात काटछाट नको. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. दाराशी बाक, आत मध्येच बसायला एक-दोन जागा, आणि टॅक्सी दोन मिनिटं थांबेल अशी जागा. अंध व्यक्तीला काठीने ओळखता येतील अशा उठावाच्या फरशा दारापर्यंत आणा आणि त्यांच्यावर मालाचे खोके येऊ देऊ नका.

सायकली आणि घरपोच माल नेणारे?

एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. स्टँड दाराजवळ, छताखाली, लोकांच्या नजरेत असावा. सामानाची सायकल अडीच मीटर लांब असू शकते, तिला टोकाची जागा द्या. घरपोच माल नेणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी आणि थांबायला वेगळी जागा सुरुवातीपासून आखा. ती नसली की ते दारातच उभे राहतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पार्किंगला पैसे घ्यावेत का?

हो, किंवा निदान वेळेचं बंधन तरी असावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी दाखवून दिलं की फुकट पार्किंगचा खर्च कुणीतरी भरतच असतं, आणि तो मालाच्या किमतीतून चालत येणाऱ्यालाही भरावा लागतो. खरेदी केलेल्याला पहिला तासभर मोफत आणि पुढे शुल्क, ही पद्धत किराण्याला बरी जुळते. नाहीतर शेजारच्या कार्यालयातल्या गाड्या सकाळपासून तिथेच राहतात.

आधीच मोठं पार्किंग असलेलं दुकान सुधारता येईल?

येईल, टप्प्याटप्प्याने. एका आठवड्यात दर तासाला भरलेल्या जागा मोजा. जी रांग कधीच भरत नाही ती सोडून द्या. पहिल्या टप्प्यात रस्त्यापासून दारापर्यंत तीन मीटर रुंद सरळ पायवाट काढा, दोन्ही बाजूंना झाडं लावा. यासाठी गाड्यांची एकच ओळ जाते. दुसऱ्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला, रिकाम्या राहणाऱ्या पट्ट्यात लहान दुकानांची ओळ बांधा. त्यांच्या भाड्यातून पुढचा खर्च निघू शकतो. पायवाट दारापाशी संपण्याऐवजी गाड्यांच्या वाटेत संपते असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. शेवटचे दहा मीटर सोडू नका.

आराखडा बरोबर आहे हे उघडण्याआधी कसं तपासायचं?

पाण्याच्या बाटल्या भरून दोन पिशव्यांत तीन-तीन किलो वजन करा. बांधकाम चालू असतानाच, पदपथ आणि दार तयार झालं की, बिलाच्या जागेपासून बसथांब्यापर्यंत चालत जा. मग सर्वांत जवळच्या इमारतीपर्यंत, मग रस्ता ओलांडून पलीकडे. शक्य असेल तर मालक, कंत्राटदार आणि पालिकेचा माणूस यांच्याही हातात पिशव्या द्या. जिथे पिशवी खाली ठेवावीशी वाटली, जिथे खांद्याने दार ढकलावं लागलं, जिथे गाडीसाठी थांबावं लागलं, तिथे खडूने खूण करा. मी केलेल्या एका दुकानात अशा अकरा खुणा झाल्या होत्या. सात दुरुस्त करता आल्या. उरलेल्या चार भिंतींच्या आणि उतारांच्या होत्या. तेव्हापासून मी हाच फेरफटका आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात, मोकळ्या भूखंडावर दोरी आखून, घेते.